आचरटपणा कुठला, उपहास कुठला? के-पॉप व्हिडिओ पाहताना होणारी गल्लत

कोरियन गायक साय याच्या 'गंगनम स्टाइल'नंतर नऊ महिन्यांनी त्याचा 'जेंटलमन' आला. गायक तोच, दिग्दर्शक तोच, काळा गॉगल तोच आणि तंगड्या झाडत नाचणंही तसंच. त्यामुळे दोन्ही व्हिडिओ लोकांच्या डोक्यात एकाच कप्प्यात जाऊन बसले: गुबगुबीत कोरियन माणूस, चक्रम नाच, फुल धमाल. मग कुणीतरी कुठेतरी वाचलं की 'गंगनम'मध्ये म्हणे श्रीमंतीची टर उडवली आहे. तिथून गाडी थेट दुसऱ्या टोकाला गेली. आता कोरियन व्हिडिओ जितका विचित्र, तितका त्यात खोल सामाजिक आशय शोधायची फॅशन आहे. टरबुजाला टोपी घातलेली दिसली तरी कुणीतरी विचारतं, याचा अर्थ काय?

बऱ्याचदा काहीच अर्थ नसतो. के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप संगीतात, निव्वळ आचरटपणाची एक तगडी परंपरा आहे आणि तिला कोरियन लोक मोठ्या प्रेमाने 'बी-ग्रेड' म्हणतात. हेल्मेट आणि ट्रॅकसूट घालून गाडीच्या इंजिनातल्या पिस्टनसारख्या आळीपाळीने उड्या मारणाऱ्या क्रेयॉन पॉपच्या पाच मुली आठवून पाहा. २०१३ चं ते 'बार बार बार' कुणाला टोचत नाही, कुणाचं पितळ उघडं पाडत नाही. उड्या मारायच्या आहेत म्हणून मारल्या. आणि त्यात कमीपणा कसला?

उपहासाला मात्र समोर कुणीतरी लागतं. कुणाचा तरी तोरा, कसला तरी आव, ज्यातली हवा काढायची असते. हसू आलं की नाही यावरून फरक ठरत नाही, कारण दोन्हींत हसू येतं आणि काही उपहास तर हसवतही नाहीत. विनोद बाजूला काढला तर मागे काही उरतं का, एवढं पाहावं. सायचे दोन व्हिडिओ यासाठी उत्तम, कारण बाकी सगळं सारखंच आहे.

गंगनम म्हणजे सोलमधला हान नदीच्या दक्षिणेचा भाग. १९७० च्या दशकापर्यंत तिथे बरीचशी शेतीच होती. मग सरकारने शहर नदीपलीकडे वाढवायचं ठरवलं, अपार्टमेंटच्या रांगा उभ्या राहिल्या, जुन्या सोलमधल्या नामांकित शाळा तिकडे हलवल्या आणि जागांचे भाव चढतच गेले. एका पिढीत लोक कुठल्या कुठे पोचले. आज गंगनम म्हटलं की कोरियन माणसाच्या डोळ्यांसमोर महागडे क्लासेस, प्लास्टिक सर्जरीचे दवाखाने आणि नाक वर करून चालणारी माणसं येतात. साय स्वतः त्याच भागातला, सेमीकंडक्टर व्यवसायातल्या घरातला मुलगा. म्हणजे ही टर बाहेरच्याने हेव्यापोटी उडवलेली नाही. त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं की खरे गंगनमवाले 'आम्ही गंगनमचे' असं कधी म्हणतच नाहीत. ते मिरवतात ते तसं दिसायची धडपड करणारे. गाणं त्यांच्यावर आहे.

आता व्हिडिओ पाहा. सुरुवातीला साय आरामखुर्चीत पहुडलाय, बाजूला एक बाई वारा घालतेय. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी चाललीय असं वाटतं. कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की ही वाळू लहान मुलांच्या खेळायच्या बागेतली आहे; शेजारी एक चिमुरडा पोरगा जीव तोडून नाचतोय. पुढे दोन सुंदऱ्यांना घेऊन साय हिरोच्या थाटात चालत येतो, सुसाट वारा सुटतो आणि कागदाचे कपटे, कचरा, बर्फासारखं पांढरं काहीतरी तिघांच्याही तोंडावर येऊन आदळतं. पार्टी चाललीय म्हणावं, तर ती सहलीला निघालेल्या मावश्यांच्या बसमध्ये. आवेशात गातोय म्हणावं, तर साहेब कमोडवर बसलेत. प्रत्येक दृश्याची चाल एकच: आधी ऐट दाखवायची, मग चौकट थोडी मोठी करायची. घोडेस्वारी हा तिथे पैसेवाल्यांचा शौक. हा गडी तबेल्यात जातो आणि नसलेल्या घोड्यावर बसून दौडतो.

शब्दांतही तेच. दिवसा सोज्वळ, कॉफीचा कप निवांत चाखणारी मुलगी त्याला हवी आहे. आणि स्वतःची फुशारकी कसली मारतो? आपण कॉफी निवायच्या आत एका घोटात संपवणारे मर्द आहोत! २०१२ मध्ये बाहेरच्या पत्रकारांनी या ओळीची बरीच चिरफाड केली. स्वस्तात जेवून ब्रँडेड कॉफीवर पैसे उधळणाऱ्या मुलींना हिणवायला कोरियन इंटरनेटवर एक शब्द काही वर्षं फिरत होता, त्याच्याशी हा कप जोडला गेला. मला हे ओढूनताणून वाटतं. ओळीतला विनोद मुलीवर नाहीच, तो कढत कॉफीने जीभ भाजून घेणाऱ्या बहाद्दरावर आहे. उपहास सापडला की माणूस हावरट होतो आणि प्रत्येक कपात, प्रत्येक चमच्यात तो शोधायला लागतो.

टोला बसला का? तो वेगळाच किस्सा. ख्रिस गेल आणि मंडळींनी कोलंबोत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून हा नाच केला तोवर तो आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांतही पोचला होता. २१ डिसेंबर २०१२ ला व्हिडिओने यूट्यूबवर १०० कोटींचा पल्ला गाठला. तोवर एकाही व्हिडिओला ते जमलं नव्हतं. पण या शंभर कोटींत गंगनम कुठे आहे हे ठाऊक असलेले किती असतील? आणि ज्यांची टर उडवली त्यांनी काय करावं? गंगनमच्या स्थानिक प्रशासनाने २०१६ मध्ये कोएक्स मॉलसमोर त्या नाचातल्या एकमेकांवर ठेवलेल्या दोन मुठींचं पाच मीटरहून उंच ब्राँझचं शिल्प उभारलं. पर्यटक त्याखाली फोटो काढतात. आपल्यावरच्या विनोदाचा पुतळा करून त्याला असं गिळून टाकणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता एप्रिल २०१३ चा 'जेंटलमन'. साय बाईची बसायची खुर्ची मागे ओढतो. ट्रेडमिलवर पळणाऱ्या बाईच्या मशीनचा वेग वाढवून तिला पाडतो. मुठीत पादून ती मूठ दुसऱ्याच्या नाकाला लावतो. मग त्याला त्याच्याइतकीच खोडकर बाई भेटते, गायिका गाइन, आणि ती त्याच्यावर डाव उलटवते. म्हणाल, स्वतःला जेंटलमन म्हणवणारा असा वागतो, हा उपहासच नाही का? शीर्षकापुरता, हो. पण ती एकच उलटापालट आहे आणि ती पहिल्या अर्ध्या मिनिटात संपते. पुढे नुसत्या खोड्या. कुठल्या थरातली माणसं, कसला आव, कुठला पैसा, काहीच कळत नाही. हा व्हिडिओ कोरियातून उचलून कुठल्याही देशात नेला तरी काही बिघडत नाही. गंगनमचं तसं करून दाखवा. आणि विनोद काढला तर मागे उरतात फक्त पडलेल्या बायका.

मौज अशी की कात्री लागली ती या निरुपद्रवी व्हिडिओलाच. केबीएस या सरकारी वाहिनीने 'जेंटलमन' प्रसारणाला अयोग्य ठरवला. का, तर सुरुवातीला साय रस्त्यातल्या 'नो पार्किंग'च्या शंकूला लाथ मारतो आणि ते सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे! बायकांना पाडलेलं चाललं, शंकू पाडलेला नाही चालला.

के-पॉपमधला उपहास आडून का येतो त्याचं एक कारण इथे दिसतं. १९९६ पर्यंत कोरियात गाणी आधी सरकारी समितीकडे तपासायला द्यावी लागत. त्याच्या आदल्याच वर्षी एका गाण्याचे शब्द बदला म्हटल्यावर सो तेजी या गायकाने ते गाणं शब्दच काढून नुसत्या सुरावटीत प्रसिद्ध केलं होतं आणि त्यावरून रान पेटलं होतं. पूर्वतपासणी गेली, पण वाहिन्यांची स्वतःची छाननी राहिली. त्यात आयडॉल मंडळी, म्हणजे के-पॉपचे तारे, कमावतात जाहिरातींतून. ज्याची टर उडवायची, उद्या त्याच्याच फ्रिजची जाहिरात करायची असते. मग दृश्यात काहीतरी ठेवून द्यायचं आणि विचारलं तर हात झटकायचे, हेच सोयीचं.

ऑरेंज कॅरमलच्या 'काटालेना'त (२०१४) ही सोय पुरेपूर दिसते. तीन मुली जलपऱ्या आणि सुशीच्या वेषात. एका दृश्यात त्या सुपरमार्केटमधल्या मासळीसारख्या थर्माकोलच्या ट्रेमध्ये पडल्यात, वरून प्लास्टिक ताणून लावलेलं. आत श्वास घेणाऱ्या, मेकअप केलेल्या, गोड हसणाऱ्या मुली. (चाल ओळखीची वाटली तर बरोबर आहे, 'जुत्ती मेरी' या पंजाबी लग्नगीतातला तुकडा त्यात वापरलाय.) केबीएसने हाही अडवला, कारण म्हणे माणसाच्या जिवाची अवहेलना होते. मुलींना वेष्टणात घालून विकणाऱ्या धंद्यातल्याच मुली हे करतायत म्हटल्यावर तो उपहास म्हणून सहज वाचता येतो. पण व्हिडिओत विक्रेता दिसत नाही, गिऱ्हाइकाची फजिती होत नाही. पोशाखांची हौस मात्र जागोजागी दिसते. मी त्याला आचरटपणाच्याच खात्यात टाकेन. फक्त तो ट्रे चुकून फार नेमक्या जागी ठेवला गेलाय.

याच्या बरोबर उलट (जी)आय-डल या मुलींच्या ग्रुपचं २०२२ चं 'न्यूड'. यात हसण्यासारखं फारसं काही नाही, तरी उपहास रोखठोक आहे. मुली मेरिलिन मन्रोच्या अवतारात आल्यात, त्यांना न्याहाळणारे प्रेक्षक आहेत आणि शब्द म्हणतात: अश्लील काही बघायला मिळेल म्हणून आला असाल तर माफ करा, पैसे परत मिळायची खिडकी तिकडे आहे. शेवटी चौकटीतलं चित्र फाडणाऱ्या यंत्रातून पट्ट्या होऊन खाली येतं, बँक्सी या चित्रकाराच्या लिलावातल्या चित्रासारखं. टोला थेट शीर्षकावर क्लिक करणाऱ्याला, म्हणजे तुम्हाआम्हाला. इथे लपवाछपवी शून्य.

विडंबन हा तिसरा भिडू. तो या दोघांच्या मधे उभा राहून गोंधळ वाढवतो, कारण नक्कल म्हणजे उपहास नव्हे. मूळ गाणं आवडतं म्हणूनही नक्कल होते. पण २०२१ मध्ये ली चांग-हो आणि क्वाक बोम या दोन विनोदवीरांनी 'मॅड मॉन्स्टर' नावाचा बनावट आयडॉल ग्रुप काढला तेव्हा नक्कल करता करता टोला लागला. दोघे कायम फोनच्या ब्यूटी फिल्टरमध्ये: टपोरे डोळे, निमुळती हनुवटी. हात तोंडासमोरून गेला की फिल्टर सटकतो आणि क्षणभर खरा, रुंद चेहरा दिसतो. आपले जगभर ६०० कोटी चाहते आहेत असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत आणि लोकही 'हो हो, मी त्यातलाच' म्हणत कमेंटा करत. विनोद काढला तरी तो चेहरा उरतोच, आणि तो खऱ्या आयडॉलच्या फोटोपासून फार लांबचा नाही.

आणि टोला चुकीच्या दिशेने गेला तर? नोराजो ही जोडी चक्रम गाण्यांसाठीच प्रसिद्ध. त्यांचं २०१० चं 'करी' हे गाणं 'शांती शांती करी करी' करत भारतीय माणसाचं व्यंगचित्र काढतं. योगा, ताजमहाल, सगळं एकाच पातेल्यात. दहा वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०२० मध्ये सेव्हनटीन या ग्रुपच्या काही मुलांनी लाइव्हमध्ये सहज ते गुणगुणलं आणि भारतीय उपखंडातल्या चाहत्यांनी धारेवर धरलं. तेव्हा नोराजोमधल्या जो बिनने जाहीर माफी मागितली. कुणाच्या संस्कृतीला हिणवायचा हेतू नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. माझा त्यावर विश्वास आहे. आचरटपणाला हेतू नसतोच, म्हणून तर तो समोर कोण उभं आहे हे न बघता सुटतो. उपहास करणाऱ्याला निदान ते आधी बघावं लागतं.