सर्वेक्षण अर्धवट, आकडे मात्र खुले: अवरक्त आकाशाच्या पहिल्या हप्त्यांची पार्श्वभूमी

19 मार्च 2025 रोजी युरोपीय अवकाश संस्थेने युक्लिड दुर्बिणीच्या निरीक्षणांचा पहिला मोठा हप्ता सर्वांसाठी खुला केला. 14,000 चौरस अंश आकाश पाहायला निघालेल्या या दुर्बिणीने त्यातले अवघे 63 चौरस अंश दिले, पण तेवढ्यातही सुमारे 2 कोटी 60 लाख दीर्घिका आहेत. युक्लिडवर दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याशेजारी निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या थोडा पलीकडचा प्रकाश, टिपणारे उपकरणही आहे. हा हप्ता नागपुरातला एमएस्सीचा विद्यार्थी त्याच दिवशी उघडू शकतो, केंब्रिजमधलाही. ही बरोबरी आपोआप आलेली नाही, ती साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने आली.

आधी अवरक्तच का, ते पाहू. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे उन्हाळ्यातल्या पहाटे आकाशगंगेचा पट्टा धनू राशीकडे जाताना मधे मधे काळे चट्टे दिसतात. तिथे तारे नाहीत असे नव्हे, मधे धूळ आहे. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा जेमतेम एक लाख कोटीवा भाग या धुळीतून आपल्यापर्यंत पोचतो. 2.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्ताचा मात्र साधारण दहावा ते पंधरावा भाग पोचतो. शिवाय थंड, मंद तारे आपला बहुतेक प्रकाश इथेच सोडतात.

अडचण आहे ती जमिनीवरून पाहण्याची. हवेतली वाफ अवरक्ताचा बराच भाग गिळते. जे, एच आणि के नावाच्या मोजक्या पट्ट्यांतून तो खाली उतरतो. त्यातही के पट्ट्यात दुर्बीण आणि हवा स्वतःच्या उष्णतेने उजळतात. नवतप्यात 45 अंशांवर तापलेल्या नागपुरात के पट्ट्याची दुर्बीण लावली तर आरसा आणि नळीच आधी चमकतील. म्हणून अशी सर्वेक्षणे उंच, कोरड्या, थंड डोंगरांवरून होतात.

पहिले मोठे सर्वेक्षण गेरी न्यूगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन या अमेरिकी शास्त्रज्ञांचे. त्यांनी इपॉक्सी (एक प्रकारची राळ) गोल फिरवत घट्ट होऊ दिले आणि त्याला आपसूक आलेल्या खोलगट आकारावर अॅल्युमिनियमचा थर चढवून 62 इंची आरसा घडवला. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरून त्यांनी 2.2 मायक्रॉनला आकाश पिंजून काढले. 5,612 स्रोतांची यादी 1969 मध्ये छापून निघाली, पण तोवर त्यांनी सगळे झाकून ठेवले नव्हते. हंस आणि वृषभ राशींतल्या दोन कमालीच्या थंड, लाल ताऱ्यांची बातमी त्यांनी 1965 मध्येच दिली होती. माझ्या लेखी पहिल्या हप्त्याची परंपरा तिथून सुरू होते.

त्यानंतर तीन दशके थांबावे लागले, कारण अवरक्ताचे चांगले डिटेक्टरच नव्हते. 1997 मध्ये ‘टूमास’ हे संपूर्ण आकाशाचे अवरक्त सर्वेक्षण सुरू झाले. अॅरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर आणि चिलीतल्या सेरो टोलोलोवर 1.3 मीटरची एकेक दुर्बीण होती. प्रत्येक जागा सहा झलकांमध्ये एकूण 7.8 सेकंद पाहायची आणि पुढे सरकायचे. निरीक्षणे फेब्रुवारी 2001 मध्ये संपली आणि संपूर्ण सूची मार्च 2003 मध्ये आली: सुमारे 47 कोटी बिंदुस्रोत, म्हणजे ठिपक्यासारखे दिसणारे स्रोत. या टीमने शेवटची वाट पाहिली नाही. डिसेंबर 1998 मध्ये नमुना दिला, मग 1999 आणि 2000 मध्ये एकेक हप्ता. सर्वेक्षण चालू असतानाच, 1999 मध्ये, त्यातल्या थंड वस्तूंवरून ताऱ्यांच्या वर्गीकरणात ‘एल’ हा नवा वर्ग बसवला गेला. 2000 साली याच आकडेवारीतून एक मंद तांबडा तारा नोंदला गेला. आज तो ट्रॅपिस्ट-1 म्हणून ओळखला जातो. त्याचे सात ग्रह 2017 मध्ये जाहीर झाले.

पुढची पायरी हवाईच्या मौना केआवरची. 3.8 मीटरच्या ‘यूकर्ट’ दुर्बिणीवरचे ‘युकिडस’ सर्वेक्षण मे 2005 मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये त्याचा ‘अर्ली डेटा’ आला. केंब्रिजमध्ये प्रक्रिया, एडिंबरामध्ये साठवण, आणि वापरणाऱ्याने डेटाबेसला एसक्यूएल या संगणकीय भाषेत प्रश्न विचारायचे. मूळ सर्वेक्षणाचा तो छोटासा तुकडा होता, पण त्याने कॅमेऱ्याचे स्वभावदोष उघडे केले. ठळक ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर 128 पिक्सेलच्या पटीत, खोट्या वस्तू उमटत. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका वाहिनीतला संकेत शेजारच्या वाहिनीत झिरपल्याचा हा परिणाम. अनभिज्ञ माणूस त्यालाच नवा शोध समजून बसला असता. असे अंतर मोजून पाहिल्याशिवाय कुठल्याही ठिपक्यावर विश्वास ठेवू नये, हे पहिल्या हप्त्यावर सराव केल्यानेच अंगवळणी पडते. म्हणून कच्चा हप्ता देण्यात मला घाई दिसत नाही. जुलै 2006 च्या पहिल्या पूर्ण प्रकाशनाआधी ही शाळा व्हायलाच हवी होती.

पण या शाळेत सगळ्यांना एकदम प्रवेश नव्हता. युकिडसचे आकडे आधी युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या सदस्य देशांना मिळत आणि बाकी जगाला 18 महिन्यांनी. पैसा ज्यांनी घातला त्यांना पहिला हक्क, हे समजण्यासारखे आहे. तरी इतक्या अवधीत ठळक, सोपे शोध लागून जातात आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला वेचणी उरते. टूमासने असे कुंपण घातले नव्हते, आणि त्या काळात भारतातल्या कित्येकांनी अवरक्त खगोलशास्त्राचे पहिले धडे त्याच सूचीवर गिरवले. सर्वेक्षण मोठे असो वा लहान, कुंपण नसलेला नियम मला अधिक न्याय्य वाटतो.

2011 मध्ये युकिडसमधून 7.085 रक्तसृतीचा क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवराभोवती तळपणारा दीर्घिकेचा गाभा, सापडला. रक्तसृती म्हणजे विश्व प्रसरण पावल्याने प्रकाश किती लांबला त्याचे माप; ती जितकी जास्त, तितका प्रकाश जुना. या क्वेसारचा प्रकाश विश्व जेमतेम 77 कोटी वर्षांचे असताना निघाला होता. तोवर चिलीतल्या पॅरानालवरची 4.1 मीटरची ‘व्हिस्टा’ दुर्बीण दक्षिण आकाश टिपू लागली होती.

11 मार्च 2025 रोजी सुटलेल्या नासाच्या ‘स्फीरेक्स’ या अवकाश दुर्बिणीने हप्त्यांमधले अंतर आणखी कमी केले आहे. 0.75 ते 5 मायक्रॉनमधले 102 पट्टे टिपणाऱ्या या दुर्बिणीची निरीक्षणे साधारण 60 दिवसांत सार्वजनिक संग्रहात येतात, आणि ती उघडायला कुठल्या देशाचे सदस्यत्व लागत नाही.