पासवर्ड दर ९० दिवसांनी बदला: हा नियम आला कुठून?

माझी मावशी एका पतसंस्थेत काम करते. तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर एक उभी यादी आहे. गौरी, ॲटची खूण, १. त्याखाली गौरी, ॲटची खूण, २. अशी ती १४ पर्यंत उतरत आली आहे, आणि वरच्या तेरांवर फुली आहे. दर ९० दिवसांनी संगणक अडून बसतो आणि नवा पासवर्ड मागतो. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवंच. काउंटरवर खातेदार पासबुक घेऊन उभा असतो, त्यामुळे मावशी आकडा एकाने वाढवते आणि कामाला लागते. मध्यंतरी सुरक्षेच्या प्रशिक्षणात तिला यावरून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. मला ते फार लागलं. ज्या नियमांनी तिला या यादीपर्यंत आणलं, त्यांतला एक लिहिणाऱ्या माणसानेच पुढे चूक कबूल केली आहे, हे त्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.

संगणकावरचा पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच मोठा संगणक आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनलं, म्हणजे एका यंत्रावर बरीच माणसं एकाच वेळी काम करू लागली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि कुणी किती वेळ यंत्र वापरलं याचा हिशेब लागावा, एवढ्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. बँक, पैसा, चोर यांचा तिथे संबंधही नव्हता.

आणि पासवर्ड चोरीला जायला वर्षही लागलं नाही म्हणा ना. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासांचा वेळ मिळे, तो पुरत नव्हता. फायली छापून मिळण्याची सोय होती; पंच केलेल्या कार्डावर फायलीचं नाव देऊन विनंती करायची. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री शेर यांनी पासवर्डांच्याच फायलीची विनंती टाकली आणि शनिवारी सकाळी छापील कागद कपाटातून उचलला. सगळ्यांचे पासवर्ड, जसेच्या तसे. याची कबुली त्यांनी जवळपास पाव शतकाने दिली.

१९६६ मध्ये तर चोरही लागला नाही. एक जण लॉगिन करताना दिसणारा रोजचा संदेश दुरुस्त करत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डांची फाईल दुरुस्त करत होता. संपादन करणारा प्रोग्राम दोघांसाठी तात्पुरत्या फायलीचं एकच नाव वापरत होता. दोन्हींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो लॉगिन करेल त्याच्या टर्मिनलवर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

हे दोन प्रसंग मी जरा लांबवून सांगतोय, कारण पुढची साठ वर्षं त्यांत आधीच दिसतात. कुणाचा पासवर्ड सोपा होता म्हणून कुणी ओळखला, असं यात कुठेच नाही. साठवण उघडी पडली. तिथे सर्वांत अवघड पासवर्डवाल्याचंही तेवढंच नुकसान झालं.

त्यावरचा खरा उपाय युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बनवणाऱ्या लोकांनी शोधला. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्याचं पीठ करून ठेवायचं. गहू गिरणीत टाकले की पीठ मिळतं, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. माणूस लॉगिन करेल तेव्हा त्याने टाइप केलेलं दळायचं आणि पीठ जुळतं का बघायचं. याला हॅश म्हणतात. त्यांनी आणखी एक गोष्ट केली: दळण्याआधी प्रत्येकाच्या दाण्यात वेगवेगळं चिमूटभर मीठ टाकायचं. तांत्रिक भाषेतही त्याचं नाव सॉल्ट, मीठच आहे. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं येतं, आणि चोराला अख्खा शब्दकोश एकदाच दळून सगळ्यांशी ताडून बघता येत नाही.

त्याच निबंधात त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डांचा हिशेब आहे. त्यातले ८६ टक्के एक तर फार छोटे होते, नाहीतर नुसत्या छोट्या अक्षरांचे, नाहीतर थेट शब्दकोशातले. संगणकशास्त्रज्ञही यात सुटले नाहीत. युनिक्सच्या जुन्या पासवर्ड फायलीची एक प्रत हौशी लोकांना मिळाली होती. २०१९ मध्ये त्यातला खुद्द थॉम्प्सन यांचा हॅश अखेर फुटला. आजच्या ग्राफिक्स कार्डावर त्याला चार दिवसांहून जास्त लागले. पासवर्ड होता आठ अक्षरांचा: पी, तिरकी रेघ, क्यू २, आडवी रेघ, क्यू ४ आणि उद्गारचिन्ह. बुद्धिबळातली सुरुवातीची चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे! त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी मात्र आपल्या नावातूनच चार अक्षरं जुळवली होती.

आता ९० दिवसांकडे येऊ. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पासवर्डांवर एक पुस्तिका काढली. तिच्यात गणित होतं: चोर फोनच्या तारेवरून मिनिटाला आठ-नऊ अंदाज करू शकतो असं धरलं, तर अमुक लांबीचा पासवर्ड ओळखायला किती दिवस लागतील? त्याआधी तो बदलावा. त्या काळाला धरून विचार बरोबर होता, आणि तेव्हाही मुदत होती जास्तीत जास्त एक वर्ष. पुढे २००४ मध्ये कार्ड कंपन्यांनी व्यवहारांसाठी सामाईक सुरक्षा मानक आणलं, त्यात ९० दिवसांचा आकडा आला. कार्ड घेणारा प्रत्येक धंदा जगभर त्याला बांधला गेला आणि तपासनिसांच्या याद्यांमधून तो आकडा पसरला.

मोठं अक्षर, आकडा, चिन्ह या त्रिकुटाची कहाणी वेगळी आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था, म्हणजे निस्ट, हिच्यासाठी बिल बर यांनी २००३-०४ च्या सुमारास ओळख पटवण्याविषयी मार्गदर्शिका लिहिली. पासवर्डांबद्दलचा भाग तिच्या परिशिष्टात होता. लोक प्रत्यक्षात कसे पासवर्ड ठेवतात हे बघायला त्यांनी संस्थेतल्या संगणक व्यवस्थापकांकडे खरे पासवर्ड मागितले. ते मिळाले नाहीत, मिळायलाही नको होते. मग १९८० च्या दशकातल्या एका टिपणावर त्यांना बरंच विसंबावं लागलं. तो सल्ला जगभरच्या कार्यालयांत नियम होऊन बसला. निवृत्त झाल्यावर, २०१७ मध्ये, बर यांनी एका वृत्तपत्राला मोकळेपणी सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो.

तोपर्यंत खरे पासवर्ड जगापुढे आले होते, तेही दुर्दैवाने. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते हॅश न करता, शेर यांच्या छापील कागदासारखे उघडे ठेवलेले होते. २०१२ मध्ये लिंक्डइनकडून हॅश गेले, पण त्यांत मीठ नव्हतं. मीठ सुचवून तेव्हा ३३ वर्षं झाली होती. त्यामुळे ते पटापट फुटले.

आणि सक्तीने बदलण्याचा उपयोग? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच तपासलं. त्यांच्याकडे विद्यापीठातल्या बंद झालेल्या ७,७०० हून अधिक खात्यांचे, एकामागून एक बदललेले पासवर्ड होते. आधीचा पासवर्ड माहीत असला तर १७ टक्के खात्यांत पुढचा पाचपेक्षा कमी प्रयत्नांत सापडत होता. लोक आकडा वाढवत होते, एक अक्षर चिन्हात बदलत होते, चिन्ह पुढून मागे नेत होते. मावशीची डायरी अमेरिकेतल्या विद्यापीठातही होती.

२०१७ मध्ये निस्टने आपली मार्गदर्शिका नव्याने लिहिली. चोरी झाल्याचा पुरावा असल्याशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. अक्षर, आकडा, चिन्हाची सक्ती नको. त्यापेक्षा लांबी वाढू द्यावी, किमान ६४ अक्षरांपर्यंत, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. २०२५ च्या आवृत्तीत निस्टने ‘लावू नये’चं थेट ‘लावता येणार नाही’ केलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ओटीपीसारखी दुसरी ओळख सक्तीची केली, आणि ते फार चांगलं केलं. पासवर्ड एकट्याने वाहत होता तो भार त्याने हलका झाला. पण कित्येक कार्यालयांतली ९० दिवसांची चौकट तशीच राहिली.

गेल्या दिवाळीत मी मावशीच्या लॅपटॉपवर कीपासएक्ससी हे पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि पासवर्डांची तिजोरी तिच्याच संगणकावर कुलूपबंद राहते. ईमेल, वीजबिल, रेल्वे, प्रत्येकासाठी त्याने लांबलचक वेगळा पासवर्ड तयार केला. ते तिला पाठ करायचे नाहीत. तिजोरीसाठी एक हवा होता. आम्ही मराठी शब्दकोश डोळे मिटून सहा वेळा उघडला आणि बोट पडेल तो शब्द घेतला. उंबरा, तेरडा, विमान असे काहीतरी सहा असंबद्ध शब्द. दुसऱ्या दिवशी ती ते न बघता म्हणत होती.

ते शब्द देवनागरीत ठेवावेत असं तिच्या मनात होतं. देवनागरी चालू द्यावी असं निस्टही सुचवते, पण मी तिला रोमन अक्षरांत लिहायला लावले. ‘दऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर ऱ घेऊन टाइप होतो, दुसऱ्यावर र आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी दाणे वेगळे, म्हणून पीठही वेगळं. आपलीच तिजोरी आपल्याला उघडायची नाही.

मग पतसंस्थेच्या प्रणालीतही तसेच शब्द ठेवायला गेलो. शब्दांमध्ये मोकळी जागा चालत नाही, प्रणाली म्हणाली. जागा काढली. मग म्हणाली, १२ पेक्षा जास्त अक्षरं नकोत. हॅश करून ठेवत असतील तर या मर्यादेचं कारणच उरत नाही. दाणे थोडे असोत की पोतंभर, हॅशची लांबी तेवढीच येते. शिवाय चिन्ह हवंच होतं. मावशीने निस्टच्या मार्गदर्शिकेतलं ते पान छापून व्यवस्थापकांना अर्जासोबत दिलं आहे. उत्तर यायचं आहे. तोवर डायरीत १४ वर फुली पडली आणि खाली १५ आलं.