घाटातली रात्र आणि एलईडी भिंत: व्हर्च्युअल प्रॉडक्शनची पार्श्वभूमी

रात्रीचा घाट, गाडीत एकटी बाई, मागून येणारे हेडलाइट. सस्पेन्स शॉर्ट फिल्मसाठी असं दृश्य आता एलईडी पॅनेलच्या मोठ्या भिंतीवर घाट दाखवून, तिच्यापुढे गाडी ठेवून घेतात. त्याला व्हर्च्युअल प्रॉडक्शन म्हणतात. पण असं दृश्य स्टुडिओत घेण्याची सोय नवी नाही. १९३० च्या दशकापासून मागच्या पडद्यावर रस्त्याचं चित्रण सोडून पुढे उभी गाडी हलवत आले आहेत; हे बॅक प्रोजेक्शन. पुढे निळा किंवा हिरवा पडदा रुळला आणि मागे काय दिसणार, हे शूटिंग झाल्यावर ठरू लागलं. रहस्यपटाचं त्यात नुकसानच झालं. हिरव्या कापडाकडे पाहून भीती आणायची सगळी जबाबदारी नटावर आली.

२०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’ या सिनेमात एलईडी पॅनेलची खोली उभारली, ती मुख्यतः चेहऱ्यावर खरा वाटेल असा उजेड पाडण्यासाठी. २०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ ही मालिका आली आणि भिंतीवरचं दृश्यच कॅमेऱ्यात अंतिम म्हणून टिपलं जाऊ लागलं. २० फूट उंचीची, ७५ फूट व्यासाची ती भिंत नटांभोवती २७० अंशांत वळलेली होती. नायकाच्या चकचकीत चिलखतात हिरवा पडदा उमटला असता, तिथे वाळवंट उमटलं. पुढच्याच वर्षी करोनाने प्रवास थांबवले आणि मागणी वाढली. ज्या गेम इंजिनवर, म्हणजे व्हिडिओ गेमची थ्रीडी दृश्यं त्या त्या क्षणी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हे चालतं, ते २०१५ पासूनच फुकट मिळत होतं. त्यामुळे छोट्या गटांनाही घरच्या कॉम्प्युटरवर घाट रचता येऊ लागला.

खरा घोळ शब्दाचा आहे. मोशन कॅप्चर (नटाच्या हालचाली टिपून थ्रीडी पात्राला देणं), शूटिंगआधीचं थ्रीडी नियोजन, एलईडी भिंत, सगळ्यालाच ‘व्हर्च्युअल प्रॉडक्शन’ म्हणतात. खिडकीमागे मोठा टीव्ही ठेवून त्यावर पावसाची क्लिप लावली, तरी श्रेयनामावलीत हाच शब्द येतो. व्यापक अर्थ धरणाऱ्यांचं म्हणणं असं की, छोट्या गटांना त्यामुळे आत शिरता येतं. मला ते पूर्ण पटत नाही, आणि कारण सस्पेन्सचंच आहे. या प्रकारात कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो. तो सरकला की जवळचं झाड भराभर बाजूला जायला हवं आणि दूरचा डोंगर जवळजवळ जागेवर राहायला हवा. कॅमेऱ्याची जागा इंजिनला क्षणोक्षणी कळत असेल तरच हे घडतं. सपाट क्लिपवर झाड आणि डोंगर एकत्रच सरकतात आणि प्रेक्षकाला काहीतरी खोटं आहे हे लगेच जाणवतं. कॅमेरा स्थिर असेल, तर साधी क्लिप चालते. मग तिला बॅक प्रोजेक्शनची धाकटी बहीण म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

मराठीत आणखी एक गुंता आहे. नाटकाचा पडदा, सिनेमाचा पडदा, म्हणून एलईडीलाही आपण पडदाच म्हणतो. पण सिनेमाच्या पडद्यावर उजेड बाहेरून पडतो, ही भिंत स्वतःच उजेड फेकते. मागून हेडलाइट आले की तोच झोत बाईच्या मानेवरून, आरशावरून सरकतो. तो हिशेब वेगळा करावा लागत नाही. अडचण काळोखाची. नटावरचा दिवा जरा जरी भिंतीवर सांडला, तरी पॅनेलचा काळा रंग राखाडी होतो आणि घाटातली रात्र धुरकट दिसते. फोकस थेट भिंतीवर गेला, तर पॅनेलच्या ठिपक्यांची जाळी लाटांसारखी उमटते.

म्हणून कॅमेरामन नटाला भिंतीपासून दूर बसवतात, दिव्यांना काळी कापडं लावतात आणि भिंत किंचित आउट ऑफ फोकस ठेवतात. घाटाचं वळण, झाडं, समोरून येणारा ट्रक हे सगळं मात्र शूटिंगच्या आधीच पक्कं करावं लागतं.