शिखांच्या मायभूमीचा नकाशा कसकसा बदलत गेला

पंजाबची बातमी आली, कॅनडाची आली, कुठेतरी खलिस्तानचे, म्हणजे शिखांच्या वेगळ्या देशाच्या मागणीचे, पिवळे झेंडे दिसले की आपल्याकडे चर्चा डायरेक्ट १९८४ पासून सुरू होते. भिंद्रनवाले, सुवर्णमंदिरातली लष्कराची ब्लू स्टार कारवाई, इंदिराजींची हत्या, दंगल, झालं. त्याच्या आधीची तीनशे वर्षं कुणी काढतच नाही, आणि त्यामुळे एक मोठा गैरसमज पक्का होऊन बसलाय की शीख समाज पहिल्यापासून वेगळा देश मागतोय. तसं नाहीये. मागणी दर वीस-तीस वर्षांनी बदलत गेली, तिचा नकाशा बदलला, मागणारी माणसं बदलली, आणि बहुतेक वेळा मूळ म्हणणं एवढंच होतं की आमच्या घराचा निर्णय आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका. हे समजून न घेता आजच्या पंजाबबद्दल मत बनवणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून हे सगळं जरा मागून सांगतो.

सुरुवात आपल्या नांदेडपासून करावी लागते, कारण गोष्ट खरंच तिथे येते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी होते, तिथेच त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला, तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला, आणि गुरूंचं देहावसानही नांदेडलाच झालं. बंदासिंग पंजाबात गेला, १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकलं, नाणी पाडली ती स्वतःच्या नावाने नाही तर गुरूंच्या नावाने, आणि मोठ्या जमीनदारांकडची जमीन कसणाऱ्यांकडे दिली अशी त्याची ख्याती आहे. १७१६ मध्ये दिल्लीत त्याचे हालहाल करून मारलं. ते राज्य जेमतेम काही वर्षांचं, पण अरदास म्हणजे शिखांची सामूहिक प्रार्थना झाल्यावर आजही जगभरच्या गुरुद्वाऱ्यांत 'राज करेगा खालसा' (खालसा म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ) म्हटलं जातं, त्यामागे ही आठवण आहे. ते म्हणणारा प्रत्येक माणूस फुटीरतावादी आहे असं समजणं चूक आहे. कुणासाठी ते न्यायाचं राज्य आहे, कुणासाठी आत्मसन्मान, कुणासाठी खरोखरचं सरकार.

मग रणजितसिंग. १७९९ मध्ये लाहोर घेतलं, १८०१ मध्ये महाराजा झाले. 'आमचं राज्य होतं' असं शीख माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हेच असतं, आणि इथे नीट बघितलं पाहिजे. राज्य खालशाच्या नावाने चालायचं, पण त्यात शीख लोकसंख्येने अल्पसंख्य होते, बहुसंख्य प्रजा मुसलमान होती. परराष्ट्र व्यवहार फकीर अझीझुद्दीनकडे, वजीर डोगरा ध्यानसिंग, फौजेत फ्रेंच आणि इटालियन अधिकारी, दरबारी कामकाज फारसीत. म्हणजे ज्या राज्याची आठवण मायभूमी म्हणून जपली जाते ते 'फक्त शिखांचं' कधीच नव्हतं, ते पंजाब्यांचं होतं आणि त्याची राजधानी आज पाकिस्तानात आहे. १८३९ मध्ये महाराज गेले, दहा वर्षांत गादीसाठी खूनखराबा, दोन इंग्रज-शीख युद्धं, आणि १८४९ मध्ये इंग्रजांनी राज्य ताब्यात घेतलं तेव्हा गादीवर त्यांचा दहा वर्षांचा मुलगा दलिपसिंग होता. त्याला पुढे इंग्लंडला नेलं, कोहिनूरही गेला.

परदेशातले शीख म्हणजे खलिस्तानी असं एक समीकरण हल्ली फार ऐकू येतं. पण परदेशातल्या पंजाब्यांची पहिली मोठी राजकीय चळवळ गदर पार्टीची, १९१३ मध्ये अमेरिकेत उभी राहिली, आणि त्यांना अख्खा हिंदुस्थान मोकळा करायचा होता. त्यात लाकूड गिरण्यांतले आणि शेतांतले शीख मजूर मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्याबरोबर आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळेही होता. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोर जेलमध्ये कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे यांना एकाच दिवशी फाशी झाली. सराभा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९२० च्या दशकात गुरुद्वारा सुधारणा चळवळ झाली. गुरुद्वारे वंशपरंपरेने महंतांच्या ताब्यात होते, इंग्रजांचा त्यांना आधार. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिबला महंताच्या माणसांनी शांतपणे आलेल्या जत्थ्याची, म्हणजे शीख आंदोलकांच्या तुकडीची, कत्तल केली. शेवटी १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी कायदेशीर निवडून येणारी संस्था झाली. शिखांकडे राज्य नव्हतं पण आता स्वतःची निवडणूक, स्वतःचा खजिना, स्वतःचा पक्ष (अकाली दल, १९२०) हे सगळं होतं. पुढची सगळी आंदोलनं याच सांगाड्यावर उभी राहिली, मोर्चा काढायचा, जत्थे पाठवायचे, जेल भरायचे, ही पद्धत तिथूनच आली.

आता १९४० चं दशक, आणि माझ्या मते सगळ्यात कमी समजलेला भाग हाच आहे. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा लाहोर ठराव केला आणि शिखांच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच वर्षी डॉ. व्ही. एस. भट्टी यांनी 'खलिस्तान' नावाची एक पुस्तिका काढली, पाकिस्तान होणार असेल तर मधे शिखांचा एक प्रदेश असावा अशी कल्पना, म्हणजे ती पाकिस्तानच्या मागणीला दिलेलं उत्तर होती. अकाली नेत्यांनी १९४३ च्या सुमारास 'आझाद पंजाब' मांडलं ते तर अजून वेगळं. पंजाबचे पश्चिमेकडचे मुस्लिमबहुल जिल्हे वेगळे काढायचे आणि चिनाब नदीपर्यंत असा प्रांत करायचा की त्यात साधारण ४० टक्के मुसलमान, ४० टक्के हिंदू आणि २० टक्के शीख राहतील, म्हणजे कुणालाच बहुमत नाही, आणि कुणी कुणावर दादागिरी करू शकणार नाही. शिखांच्या नेत्यांनी मांडलेल्या या योजनेत शीखच सगळ्यात कमी होते! त्यांना तोल साधायचा होता. अडचण उघड होती, सगळ्या ब्रिटिश पंजाबात एकही जिल्हा असा नव्हता जिथे शीख निम्म्याहून जास्त होते. १९४६ मध्ये लीग पाकिस्तानवर अडून बसली तेव्हा अकाली दलाने शीख राज्याचा ठराव केला खरा, पण वाटाघाटीत लीग आणि काँग्रेस हे दोनच मोठे पक्ष धरले गेले आणि शिखांच्या बाजूने कागदावर काहीच आलं नाही.

१७ ऑगस्ट १९४७ ला रॅडक्लिफची रेषा, म्हणजे फाळणीची सीमा, जाहीर झाली. लाहोर गेलं, गुरू नानकांचं जन्मस्थान ननकाना साहिब गेलं, जिथे त्यांनी शेवटची वर्षं काढली ते कर्तारपूर सीमेपासून चार-साडेचार किलोमीटरवर पलीकडे राहिलं. लायलपूरच्या कालव्याकाठची शीख शेतकऱ्यांनी कसलेली सोन्यासारखी जमीन गेली. इकडून मुसलमान पंजाबी तिकडे गेले, तिकडून हिंदू-शीख इकडे आले, आणि लाखो माणसं वाटेत मेली, मारणाऱ्यांत सगळ्याच बाजूंचे लोक होते. यातून एक गोष्ट झाली जी कुणी ठरवून मागितलेली नव्हती. विस्थापनामुळे पूर्व पंजाबच्या एका सलग पट्ट्यात शीख पहिल्यांदाच बहुसंख्य झाले. त्याआधी शिखांचं बहुमत असलेला प्रांत आकड्यांतच बसत नव्हता, आता बसायला लागला. म्हणून १९४७ नंतरची मागणी वेगळी दिसते, आणि तिला आधीच्या मागणीचंच पुढचं पान समजणं बरोबर नाही. अरदासमध्येही त्यानंतर एक नवी ओळ आली, पंथापासून तुटलेल्या ननकाना साहिब आणि इतर गुरुद्वाऱ्यांचं मोकळं दर्शन घडू दे अशी.

पंजाबी सुभ्याची, म्हणजे पंजाबी भाषिक राज्याची, चळवळ मराठी माणसाला पटकन कळायला हवी, कारण आपण त्याच काळात त्याच आयोगाशी भांडत होतो. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाने आपल्याला मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र नाकारला आणि त्यांना पंजाबी सुभा नाकारला. फरक हा की आपल्या मागणीला कुणी देशद्रोह म्हणालं तरी ते टिकलं नाही, शिखांच्या बाबतीत ते चिकटलं, कारण सीमा जवळ आणि फाळणी ताजी. त्यात जनगणनेच्या वेळी पंजाबी बोलणाऱ्या पुष्कळ हिंदूंनी आर्य समाज वगैरेंच्या प्रचारामुळे मातृभाषा हिंदी लिहिली, म्हणजे भाषेचा प्रश्न धर्माचा होऊन गेला. जुलै १९५५ मध्ये पोलीस सुवर्णमंदिराच्या आवारात घुसले, हजारो लोक जेलमध्ये गेले, अकाली नेते मास्टर तारासिंगांनी १९६१ मध्ये उपोषण केलं. मग नेतृत्व संत फतेहसिंगांकडे आलं आणि त्यांनी रोख बदलला, शिखांची टक्केवारी किती होईल ते आम्हाला नको, भाषेवर राज्य द्या एवढंच.

इथे हुकुमसिंग या माणसाबद्दल सांगायलाच हवं. संविधान सभेत अकालींचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी उभं राहून सांगितलं होतं की अल्पसंख्याकांना दिलेले शब्द पाळले गेले नाहीत, शिखांना हे संविधान मान्य नाही. तेच हुकुमसिंग १९६२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले, आणि १९६५ च्या युद्धानंतर पंजाबी सुभ्याचा प्रश्न ज्या संसदीय समितीकडे गेला तिचेही अध्यक्ष तेच होते. समितीने बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबर १९६६ ला आजचं पंजाब झालं. इतक्या वर्षांचा राग संसदेच्या वाटेने मार्गी लागू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण तेही अर्धवटच दिलं. हरियाणा वेगळा झाला, डोंगराळ भाग हिमाचलला, चंडीगड केंद्रशासित आणि दोन राज्यांची सामायिक राजधानी, आणि पुनर्रचना कायद्याच्या कलम ७८ ते ८० प्रमाणे नद्या आणि धरणांचा ताबा बऱ्याच अंशी केंद्राकडे. लाहोर गमावल्यावर पंजाबची नवी राजधानी म्हणून बांधलेलं शहरच त्यांना मिळालं नाही. चंडीगडसाठी दर्शनसिंग फेरूमान ७४ दिवस उपोषण करून २७ ऑक्टोबर १९६९ ला गेले. अकाली दलाचा १९७३ चा आनंदपूर साहिब ठराव या रागातून आला. त्याला सर्रास फुटीरतावादी ठराव म्हणतात, पण त्यात संरक्षण, परराष्ट्र, चलन, दळणवळण वगैरे केंद्राकडे आणि बाकी राज्यांकडे अशी मागणी होती, आणि १९७८ मध्ये लुधियानाला तो पुन्हा मांडला तेव्हा भर सगळ्याच राज्यांच्या हक्कांवर होता. आज हेच कुठल्या दक्षिणेच्या नेत्याने मांडलं तर आपण त्याला संघराज्यवाद म्हणू.

एप्रिल १९८२ मध्ये कपूरीला पंजाबचं पाणी हरियाणाला नेणाऱ्या सतलज-यमुना कालव्याचं काम इंदिराजींच्या हस्ते सुरू झालं, ऑगस्टमध्ये अकालींचा धर्मयुद्ध मोर्चा. पाणी, चंडीगड, राज्याचे अधिकार या मागण्यांवर तडजोड होऊ शकत होती असं मला आजही वाटतं, ती लांबत गेली आणि बंदुकवाले पुढे आले. त्यापुढचं माहीत आहे. जून १९८४ मध्ये ब्लू स्टार, मग ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या, मग एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शिखांची हत्या. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने उडवलं, ३२९ माणसं गेली. जुलै १९८५ चा पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्यातला करार, चंडीगड २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळणार असं लिहून दिलेलं, महिन्याभरात लोंगोवालांचाच खून आणि चंडीगड राहिलं ते राहिलंच. सुवर्णमंदिरातून झालेली वेगळ्या देशाची औपचारिक घोषणा २९ एप्रिल १९८६ ची आहे, ब्लू स्टारच्या नंतरची, हा क्रम लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची भर रस्त्यात हत्या झाली. अतिरेक्यांनी बसमधून उतरवून हिंदूंना मारलं, विरोधात बोलणाऱ्या शिखांनाही मारलं, कवी पाश त्यातलाच. दुसरीकडे पोलिसांनी उचललेली आणि परत न आलेली पोरं, बेवारस म्हणून जाळलेली प्रेतं, आणि हे उजेडात आणणारे जसवंतसिंग खालडा १९९५ मध्ये स्वतःच गायब केले गेले. १९९२ च्या निवडणुकीत मतदान २४ टक्क्यांच्या आसपास. दोन्हीकडचं दुःख खरं आहे आणि एकाचं सांगून दुसऱ्याचं पुसता येत नाही.

आता नव्याने विचार करणारे लोक पंजाबात काय विचारतात तर मायभूमी, पण कुणाची. पंजाबात अनुसूचित जाती जवळपास ३२ टक्के, देशात सगळ्यात जास्त, आणि जमीन बहुतांशी जाट कुटुंबांकडे. गावच्या पंचायत जमिनीतला एक तृतीयांश हिस्सा कायद्याने दलितांना खंडाने मिळायला हवा, तो मिळवायला संगरूर भागात मजुरांना लाठ्या खाव्या लागल्या. त्यांच्या तोंडी बेगमपुरा असतो, गुरू ग्रंथ साहिबमधल्या संत रविदासांच्या पदातलं ते दुःख आणि कर नसलेलं शहर. आपल्या नामदेवांची ६१ पदंही त्याच ग्रंथात आहेत आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, म्हणजे त्या मायभूमीत एका मराठी शिंप्याचीही जागा आहे. दुसरा प्रश्न पलीकडच्या पंजाबचा. पंजाबी बोलणारे जास्त लोक पाकिस्तानात आहेत आणि तिथे सरकारी शाळा-कचेऱ्यांत उर्दू आणि इंग्रजीच चालते. परदेशातून जे खलिस्तानचे नकाशे फिरतात त्यात बहुतेक वेळा लाहोर-ननकाना नसतं, मग ती कुठली मायभूमी असं पंजाबातलेच लोक विचारतात. ९ नोव्हेंबर २०१९ ला कर्तारपूरचा रस्ता उघडला तेव्हा सीमा न हलवता अरदासमधली एक मागणी थोडी तरी पुरी झाली होती.

२०२३ मध्ये कॅनडात खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरच्या हत्येचं प्रकरण झालं, २०२४ मध्ये खडूर साहिबहून खलिस्तानवादी अमृतपालसिंग जेलमधून लोकसभेवर निवडून आला. त्याच्या जरा आधी, २०२०-२१ मध्ये याच समाजाने वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसून कृषी कायदे मागे घ्यायला लावले होते, हरियाणाच्या शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि तिथेही त्यांना खलिस्तानी म्हटलं गेलं. चंडीगड अजून केंद्रशासित आहे, कलम ७८ अजून तसंच आहे, आणि पाणीवाटपाचे करार रद्द करणारा पंजाबचा २००४ चा कायदा सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरवल्यापासून कालव्याचा वाद जिथे होता तिथेच आहे.