परळ शोधलं, परळी सापडली

बीड जिल्ह्यातली परळी वैजनाथ ज्योतिर्लिंगामुळे आणि औष्णिक वीज केंद्रामुळे सगळ्यांना ठाऊक. मुंबईतलं परळही तसंच. आता समजा, एका यादीत दोन्हीकडचे पत्ते आहेत आणि कुणीतरी संगणकाला फर्मावलं, ‘परळ’ दिसेल तिथे ‘मुंबई’ कर. यादीत ‘मुंबईी वैजनाथ’ असं एक नवंच गाव वसतं. संगणकाने मात्र हुकूम तंतोतंत पाळलेला असतो.

त्याच्या लेखी ‘ळी’ हे एक अक्षर नाहीच. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत. तीत ळ आणि दुसरी वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘परळी’ म्हणजे चार चिन्हं, आणि त्यातली पहिली तीन हुबेहूब ‘परळ’. ती बदलली गेली, वेलांटी उघडी पडली.

मजकुरात शोधणं, बदलणं, तोडणं, जोडणं, कडेच्या मोकळ्या जागा छाटणं ही कामं प्रोग्रामर दरवेळी नव्याने लिहीत बसत नाहीत. त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कृतींचा संच, असते. सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांना बूस्ट या लायब्रऱ्यांच्या संग्रहातली माहीत असेल. ती ‘जेनेरिक’, म्हणजे कुठल्याही प्रकारच्या माहितीवर चालणारी आहे. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी याच विचाराने बांधलेली लायब्ररी १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या मानक समितीने स्वीकारली. विचार असा, की शोधायची कृती एकदाच लिहायची आणि कशात शोधायचं ते वापरणाऱ्यावर सोडायचं. लातूरच्या मोंढ्यातला काटा तूर, सोयाबीन, हरभरा काहीही तोलतो, पोत्यात काय आहे ते विचारत नाही, तसंच हे. कृतीला दोनच गोष्टी हव्यात: एकामागून एक घटक मिळत राहावेत आणि दोन घटक सारखे आहेत का ते कळावं.

मग घटक कोणता धरायचा? खरी मेख इथे आहे. आपेगावच्या ‘ज्ञानेश्वर’ या नावाची लांबी विचारा. युनिकोडचे क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची छोटी एककं) घेतं, म्हणून बाइट मोजणारी रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा ३० सांगते. पायथन ही दुसरी भाषा चिन्हं मोजते, ती म्हणते १०. आपण मोजू ज्ञा, ने, श्व, र, म्हणजे चार. युनिकोडने अक्षरं कुठे तोडायची याचे नियम केलेत खरे, पण त्यातही कित्येक वर्षं जोडाक्षर हलन्तापाशी (पाय मोडायच्या चिन्हापाशी) तुटायचं आणि उत्तर सहा यायचं. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत ते देवनागरीसाठी सुधारलं. उशीरच म्हणायचा!

शोधणाऱ्या कृतीला आता चिन्हांऐवजी अक्षरं पुरवली, तर तिच्यातली एक ओळही न बदलता परळी सुटते, कारण ‘ळ’ आणि ‘ळी’ हे दोन वेगळे घटक झाले.

अर्थात याने सगळं भागत नाही. ‘जालना’ शोधलं तर ‘जालन्यात’ सापडत नाही. ‘ना’चं ‘न्या’ झालेलं असतं. तिथे व्याकरण जाणणारं वेगळं साधन लागतं, मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीकडून ती अपेक्षा करू नये.

मला स्वतःला सगळ्यात चिवट वाटतो तो ‘ऱ्ह’. कुऱ्हाडे हे आडनाव पडद्यावर एकच दिसतं, पण आत तीन तऱ्हांनी असू शकतं. एकात ऱ हे सबंध चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तिसऱ्यात र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं, अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं अदृश्य चिन्ह. काही मजकुरात ही तिसरी तऱ्हा आढळते. सेतू केंद्रात भरलेलं नाव आणि बँकेतलं नाव डोळ्यांनी सारखं दिसूनही जुळत नाही, याचं एक कारण असं असू शकतं. बिचारा शेतकरी मात्र आधार कार्ड घेऊन दोन्हीकडे हेलपाटे घालतो.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायच्या ठरलेल्या रीतीने, एक होतात. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत त्यासाठी तयार कृती (फंक्शन) मिळते. तिसरी त्यात येत नाही. तिच्यासाठी नियम आपणच लिहायचा: र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असे ओळीने आले, की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. आणि हे दोन्ही याद्यांवर करायचं, तेही तुलनेआधी.