डोमेन लॉगिनमधील बिघाड

कार्यालयातील संगणकावर बरोबर नाव आणि पासवर्ड टाकूनही मध्यवर्ती सर्व्हरकडून ओळख पटत नाही, तेव्हा त्याला डोमेन लॉगिनमधील बिघाड म्हणतात. या नोंदीत मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे कर्मचाऱ्यांची आणि संगणकांची खाती एका जागी सांभाळणाऱ्या प्रणालीवर, चालणाऱ्या कार्यालयांचा विचार केला आहे. अशा प्रणालीखाली एकत्र आणलेल्या खात्यांच्या आणि संगणकांच्या गटाला डोमेन म्हणतात. ‘लॉगिन होत नाही’ अशी तक्रार आली की आधी पासवर्ड रिसेट करून द्यायचा, ही सवय बहुतेक ठिकाणी रुजलेली आहे. ती चुकीची आहे. दोष अनेकदा पासवर्डमध्ये नसतोच, आणि रिसेट केल्याने खरा दोष आणखी खोल दडतो.

विंडोज २००० पासून डोमेनमधील ओळख पटवण्याचे मुख्य काम कर्बेरॉस या पद्धतीने होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात ती तयार झाली. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या दाराशी बसलेल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला दिलेले आहे. या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जात नाही. संगणक पासवर्डपासून एक किल्ली बनवतो, तिने त्या क्षणाची वेळ कुलूपबंद करतो आणि डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या त्या मध्यवर्ती सर्व्हरकडे, पाठवतो. कंट्रोलरला ती उघडता आली आणि वेळ जुळली, की तो तिकीट, म्हणजे ओळख पटल्याचा डिजिटल दाखला, देतो. हे तिकीट साधारणपणे १० तास चालते. पुढे फाइल सर्व्हर असो वा प्रिंटर, त्याच्या आधारे प्रत्येकाचे वेगळे तिकीट मिळत जाते.

म्हणूनच घड्याळाला इतके महत्त्व आहे. कोणी तारेवरचा जुना संदेश पकडून पुन्हा वापरू नये, यासाठी दोन्हीकडच्या वेळेत जास्तीत जास्त ५ मिनिटांचा फरक चालतो. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की रात्री वीज बंद केलेले मशीन सकाळी काही वर्षे मागची तारीख दाखवत उठते. हे लगेच नजरेत येते. न दिसणारा दोष टाइम झोनचा असतो. विंडोज नव्याने टाकताना अमेरिकेची पॅसिफिक वेळ तशीच राहून जाते; मग कोणीतरी कोपऱ्यातले घड्याळ हाताने भारतीय वेळेवर आणून ठेवतो. काटे बरोबर दिसतात, पण कर्बेरॉस जागतिक वेळ पाहते आणि तिच्या हिशेबाने मशीन साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे असते. घड्याळ पाहून ‘वेळ तर बरोबर आहे’ म्हणणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही. टाइम झोन उघडून पाहावाच लागतो.

दुसरे ठिकाण नावांचे. मशीन आपला डोमेन कंट्रोलर डीएनएसला, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारून शोधते, आणि कार्यालयातल्या कंट्रोलरचा पत्ता फक्त कार्यालयाच्याच डीएनएसला ठाऊक असतो. इंटरनेट जलद चालावे म्हणून कोणी मशीनच्या सेटिंगमध्ये बाहेरचा सार्वजनिक डीएनएस घातला, की वेबसाइट उघडतात आणि डोमेन मात्र सापडत नाही. यावर एक सोपी चाचणी आहे. सामायिक फोल्डर सर्व्हरच्या नावाने उघडून पाहावे आणि मग त्याच्या आयपी पत्त्याने. नावाने अडते आणि पत्त्याने उघडते, तर पासवर्ड शाबूत आहे असे समजावे. आकडी पत्ता दिला की विंडोज सहसा कर्बेरॉस सोडून एनटीएलएम ही जुनी पद्धत वापरते, त्यामुळे दोष नावात किंवा तिकिटात आहे हे तिथेच कळते.

डेस्कटॉप उघडला म्हणजे डोमेनने ओळखले, असेही धरून चालू नये. कंट्रोलर सापडला नाही तर विंडोज आधीच्या लॉगिनची साठवलेली खूण वापरून आत घेते. मूळ मांडणीत अशा १० खुणा मशीनवर राहतात. माणूस आत येतो, आणि सामायिक ड्राइव्ह पासवर्ड मागू लागतो.

खाते पुन्हा पुन्हा लॉक होण्याची तक्रार सर्वांत जास्त छळते, आणि रिसेटचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. कर्मचाऱ्याने पासवर्ड बदलला, पण मोबाइलमधला मेल, मीटिंग रूममधले उघडे राहिलेले सेशन किंवा एखादे ठरावीक वेळी चालणारे काम जुनाच पासवर्ड पाठवत राहते. अगदी अलीकडचा जुना पासवर्ड आला तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी तो चुकीच्या प्रयत्नांत मोजत नाही. पण दर लॉकला घाईने नवा पासवर्ड दिला, की त्या मोबाइलमध्ये किंवा सेशनमध्ये राहून गेलेला जुना पासवर्ड या सवलतीच्या बाहेर ढकलला जातो आणि खाते दर थोड्या वेळाने लॉक होऊ लागते. अशा वेळी कंट्रोलरच्या सुरक्षा नोंदींत ४७४० क्रमांकाची घटना शोधावी. चुकीचे प्रयत्न कोणत्या मशीनवरून आले त्याचे नाव तिथे बहुधा मिळते. आधी ते मशीन गाठावे, मग खाते उघडावे.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर राहिला असेल तर पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, आत अक्षरे देवनागरी गेलेली असतात. लॉगिन पडद्यावरची भाषेची खूण आधी बघावी. कर्मचाऱ्याला पासवर्ड मोठ्याने सांगायला मात्र कधीही लावू नये.

शेवटचा प्रकार मशीनच्या स्वतःच्या पासवर्डचा. माणसाप्रमाणे प्रत्येक संगणकाचेही डोमेनमध्ये खाते असते आणि तो दर ३० दिवसांनी आपला पासवर्ड आपणच बदलतो. मशीन जुन्या बॅकअपवरून पूर्ववत केले, किंवा त्याच नावाचे दुसरे मशीन डोमेनला जोडले, की मशीनकडचा आणि डोमेनकडचा पासवर्ड जुळेनासा होतो आणि डोमेनशी विश्वासाचे नाते तुटल्याचा संदेश येतो. सहा महिने कपाटात पडलेला लॅपटॉप केवळ तेवढ्यामुळे नाते गमावत नाही, कारण पासवर्ड बदलायला तो स्वतःच सुरुवात करतो. दरम्यान कोणी त्याचे खाते बंद केले वा पुसले असेल तर गोष्ट वेगळी. नाते तुटलेल्या मशीनची नेटवर्क केबल काढली, तर साठवलेल्या खुणेवर बहुधा लॉगिन होते. मग केबल परत लावून स्थानिक ॲडमिन खात्याने पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या साधनातून, हे नाते दुरुस्त करता येते, मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडावे लागत नाही.