बुगडी किंवा भिकबाळीसाठी कान टोचून घेताना

बुगडी, भिकबाळी बसते तो कानाचा वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक, मऊ हाडाचा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. त्यामुळे तिथली जखम सावकाश भरते. कानाच्या खालच्या पाळीला दीड-दोन महिने पुरतात. इथे ६ महिने ते वर्ष धरून चाला.

वरचा कान आम्ही बंदुकीने टोचत नाही, कितीही आग्रह झाला तरी. बंदूक बोथट स्टड जोराने आत ढकलते आणि कूर्चा चिरडते. शिवाय तिचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, चालत नाहीत, नुसतं स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो.

आम्ही १६ गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीची पोकळ सुई वापरतो. एका भोकाला एक. पाकीट तुमच्यासमोर फोडू. त्याआधी त्यावरची तारीख आणि वाफेने रंग बदलणारी खूण स्वतः पाहा. रंग बदलला म्हणजे पाकिटाला वाफ लागली, एवढंच. यंत्र जंतू खरोखर मारतंय का, हे बीजाणू-चाचणीतूनच कळतं, म्हणजे चिवट जिवाणूंचे बीजाणू यंत्रात ठेवून ते मरतात का ते पाहून. तिचा अहवाल बेलाशक मागा, कुठेही गेलात तरी.

पहिला दागिना टायटॅनियमचा, सपाट बुडाचा, ८ मिमी दांडीचा. दांडी लांब वाटेल, पण सूज येणारच. आखूड दांडी सुजेत रुतून बसते. सूज उतरली की ४ ते ८ आठवड्यांत येऊन ६ मिमीची बदलून घ्या. हे बरेच जण विसरतात. मग लांब दांडी केसांत अडकते, तिरकी ओढली जाते आणि भोकाशेजारी गाठ धरते. आजीची मोत्यांची बुगडी मात्र भोक पूर्ण भरल्यावरच घाला. ती जड असते आणि तारांच्या बेचक्यांत मळ साचतो.

दिवसातून दोनदा मेडिकलमधलं नॉर्मल सलाइन लावून स्वच्छ गॉजने टिपा. हळद-तेल नको, त्याचा थर बसतो. दागिना गोल फिरवू नका. त्या कुशीवर झोपू नका. हेल्मेट घालता-काढताना कानावर हात धरा.

मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. टोचल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर कूर्चेच्या आवरणाला संसर्ग झाला असं समजा. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उशिराने कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. दागिना घरी काढू नका. भोक मिटतं आणि पू आत कोंडतो.